गूगलवर पहिला नंबर : किती रुपयांना?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेली काही वर्षे लहान व्यावसायिकांच्या खर्चाच्या वहीत एक नवे कलम दिसू लागले आहे. पूर्वी ‘जाहिरात’ या सदरात पाटी रंगवणे, पत्रके छापणे, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात आणि गावच्या जत्रेतला फलक एवढ्याच गोष्टी असत. आता त्यांच्या खाली ‘एसईओ’ अशी तीन अक्षरे येतात आणि त्यांच्यापुढे दर महिन्याचा एक आकडा असतो. मी लहान दुकानदार, दवाखानेवाले, क्लासवाले, होमस्टेवाले यांचे हिशेब लिहिण्याचे आणि कराची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो. त्यामुळे हा आकडा माझ्यासमोर वारंवार येतो आणि त्याच्या मागोमाग प्रश्नही येतो. हा खर्च रास्त आहे का? आणि हे काम द्यावे तरी कुणाला?

प्रश्न साहजिक आहे. पाटी रंगवणारा चौरस फुटाने पैसे घेतो. वर्तमानपत्र जागेप्रमाणे दर लावते, नभोवाणी सेकंदाप्रमाणे. पाटी लागली की नाही, हे दारात उभे राहून पाहता येते. एसईओचे माप मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याच वेबसाइटच्या त्याच कामाला एक जण महिन्याला अडीच हजार सांगतो, दुसरा पंधरा हजार आणि तिसरा पन्नास हजार. तिघेही ‘गूगलवर वर आणून देतो’ हेच म्हणतात. मग ग्राहक एक तर सर्वांत स्वस्त निवडतो, नाही तर सर्वांत गोड बोलणारा. दोन्ही वेळा निवड अंदाजानेच होते. आज आपण या कामाचे माप काय, एवढे समजून घेऊ. माप कळले की दर कळतो आणि दर कळला की माणूस निवडणे पुष्कळ सोपे होते.

आधी एसईओ म्हणजे काय ते पाहू. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन या लांबलचक नावाचा साधा अर्थ असा, की कुणी गूगलसारख्या सर्च इंजिनवर काही शोधले, तर आपली वेबसाइट त्याला सापडावी, यासाठी तिच्यात केलेली सुधारणा. सर्च इंजिन तीन कामे करते. त्याचे संगणक जगभरच्या वेबसाइटांवर सतत फिरून पाने वाचतात. वाचलेल्या पानांची ते एक प्रचंड सूची करून ठेवतात, जशी जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. आणि तुम्ही काही विचारलेत, की त्या सूचीतली उपयोगी वाटणारी पाने क्रम लावून तुमच्यापुढे मांडतात.

क्रम लावण्याचे हे काम अवघड. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी काढली, तेव्हा त्यांची मुख्य कल्पना अशी होती, की एखाद्या पानाकडे इतर पानांनी दिलेला दुवा, म्हणजे लिंक, ही एक शिफारस समजावी. ज्याची शिफारस वजनदार माणसे करतात, त्याचे वजन वाढते. आपल्याकडे नव्या गावात डॉक्टर शोधताना आपण चार जणांना विचारतो, तसेच हे. आज या एका कसोटीबरोबर इतर अनेक कसोट्या लागतात. पानात खरेच उत्तर आहे का, ते मोबाइलवर नीट उघडते का, शोधणारा माणूस कुठे आहे, अशा कितीतरी.

इथे एक फरक पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. गूगलच्या पानावर दोन प्रकारच्या ओळी दिसतात. काही जाहिराती असतात आणि त्या प्रायोजित असल्याची खूण त्यांच्यावर असते. जाहिरातींची ही व्यवस्था २००० साली सुरू झाली. तिच्यात साधारणपणे कुणी जाहिरातीवर टिचकी मारली, की जाहिरातदाराचे पैसे कापले जातात. उरलेल्या ओळी नैसर्गिक क्रमाने येतात आणि त्या क्रमासाठी गूगल कुणाकडूनही पैसे घेत नाही. नकाशावर दिसणाऱ्या दुकानांच्या क्रमालाही हाच नियम लागू आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

म्हणजे ‘पहिला नंबर’ ही विकायची वस्तूच नाही. मग एसईओवाला विकतो काय? तो विकतो काम. माणसाचे तास. हेच त्याचे माप. शिक्षक शिकवण्याचे पैसे घेतो. मुलगा बोर्डात पहिला येईल, असा करार करत नाही. करीत असेल तर आपणच त्याच्याकडे संशयाने पाहू.

आता हे तास कशात जातात? कामाचे ढोबळ चार भाग आहेत. पहिला तांत्रिक. वेबसाइट मोबाइलवर पटकन उघडते का, मोडलेली पाने आहेत का, सर्च इंजिनला वाचता येऊ नये असे काही आड आले आहे का. दुसरा मजकुराचा. गिऱ्हाईक जे विचारते, त्याचे उत्तर पानावर आहे का. तिसरा नकाशावरच्या नोंदीचा. आपल्या व्यवसायाचा पत्ता, वेळा, फोन, छायाचित्रे बरोबर आहेत का, ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे दिली जातात का. चौथा बाहेरच्या ओळखीचा. इतर वेबसाइटांवर, स्थानिक बातम्यांत, व्यापारी संघाच्या यादीत आपला उल्लेख आहे का. यातला कुठलाही भाग गुप्त विद्या नाही. चारही भागांना माणसाला बसून काम करावे लागते.

या तासांचा भाव कसा काढायचा, ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे धरून चाललेले आहेत, पण पद्धत तुम्हाला कुठेही वापरता येईल. समजा, काम करणाऱ्या मुलाचा पगार महिना ३० हजार रुपये आहे. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०० तास. पगाराचाच भाव तासाला १५० रुपये पडला. त्यावर जागेचे भाडे, वीज, संगणक, विकत घ्यावी लागणारी साधने, मालकाची देखरेख आणि त्याचा नफा धरला, तर ग्राहकाला तास ३०० रुपयांच्या खाली परवडणार नाही. पुण्या-मुंबईतला अनुभवी माणूस याच्या तिप्पट-चौपट सांगेल आणि त्यात गैर काही नाही. कारण त्याला चूक नेमकी कुठे आहे, हे लवकर दिसते.

आता दरपत्रक या मापाने वाचू. महिना अडीच हजार रुपयांत, तासाला ३०० रुपयांनी, जेमतेम आठ तास वीस मिनिटे येतात. त्यातच तुमच्याशी फोनवर बोलणे आणि महिन्याचा अहवाल तयार करणेही आले. आणि पत्रकात लिहिलेले असते : पन्नास शब्दांवर काम, दोनशे लिंक्स, वीस लेख. आठ तासांत वीस लेख! एका लेखाला पंचवीस मिनिटे दिली, तरी सगळे तास तिथेच संपले. बाकीचे काम केव्हा होणार? साध्या भागाकाराने कळते, की यातले बरेच काम एक तर होणार नाही, किंवा यंत्राकडून घाऊक काढले जाईल.

घाऊक काढलेल्या कामाने फायदा होत नाही, एवढेच असते तर नुकसान पैशापुरते राहिले असते. पण त्याचा त्रास पुढे होऊ शकतो. लिंक म्हणजे शिफारस असे म्हटल्यावर खोट्या शिफारशींचा बाजार सुरू होणारच. पैसे देऊन कुठल्याही भलत्या वेबसाइटवर आपली लिंक घालून घ्यायची. गूगलच्या नियमांत हे बसत नाही. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला, तो अशाच खोट्या लिंक्सवर रोख धरून. मार्च २०२४ मध्ये केवळ क्रमांकासाठी घाऊक तयार केलेल्या मजकुरावरही गूगलने नियम कडक केले, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

मोठमोठ्यांना याचा फटका बसला आहे. २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट गूगलने काही दिवस यादीतूनच काढून टाकली होती, कारण सर्च इंजिनला एक आणि वाचकाला दुसरेच दाखवणारी पाने तिच्यात सापडली. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या जुन्या दुकान-साखळीचे प्रकरण त्याहून बोलके आहे. कपडे, गालिचे, प्रवासी बॅगा अशा कितीतरी शब्दांना ही कंपनी गूगलवर वरच्या क्रमांकावर दिसे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले, की या यशामागे शेकडो असंबद्ध वेबसाइटांवर पेरलेल्या लिंक्स होत्या. गूगलने कारवाई केली. प्रवासी बॅगेच्या एका शोधात संध्याकाळी सात वाजता पहिला असलेला क्रमांक रात्री नऊला एकाहत्तरावर गेला. त्या लिंक्स आपल्या संमतीने दिल्या गेल्या नव्हत्या, असे कंपनीने सांगितले आणि एसईओचे काम पाहणाऱ्या संस्थेशी संबंध तोडले. पण घसरला तो कंपनीचा क्रमांक, त्या संस्थेचा नव्हे. तुमच्या नावाने दुसऱ्याने काय केले, याची किंमत तुम्हीच मोजता. एवढ्या मोठ्या कंपनीला यातून सावरायला माणसे आणि पैसा होता. चार खोल्यांच्या होमस्टेला तो कुठून असणार?

स्वस्त ते वाईट आणि महाग ते चांगले, असा मात्र याचा अर्थ नाही. दापोली तालुक्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. समुद्रापासून जवळ घर, वर चार खोल्या, राज्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद. सहा पानांची वेबसाइट पुतण्याने करून दिलेली. पावसाळ्यापूर्वी कौले फेरायची म्हणून त्यांनी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. तेवढ्यात दोन दरपत्रके आली. एक मुंबईहून : महिना पंधरा हजार, वर्षाचा करार. दुसरे अडीच हजारांचे, मघाशी सांगितले तसे. त्या दोन्ही कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा. कौलं पुढच्या वर्षी फेरू.’

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वर्षात साधारण १२० दिवस त्यांच्या चारही खोल्या भरलेल्या असत. म्हणजे ४८० खोली-रात्री. खोलीला सरासरी दोन हजार रुपये धरले, तर वर्षाची उलाढाल ९ लाख ६० हजार. पंधरा हजारांप्रमाणे वर्षाचे १ लाख ८० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख १२ हजार ४०० रुपये. उलाढाल कमी असल्याने बाईंची जीएसटी नोंदणी नव्हती, म्हणून भरलेला कर त्यांना वळता करून मिळणार नव्हता. उलाढालीच्या शेकडा बावीस रुपये एका कलमावर!

पुढचा प्रश्न, हे पैसे वसूल व्हायला किती पाहुणे जास्त यायला हवेत? दोन हजारांतून नाश्ता, धुलाई, वीज, मदतनीस बाईची मजुरी असे आठशे रुपये जातात. हाती राहतात बाराशे. २ लाख १२ हजार ४०० भागिले बाराशे, म्हणजे १७७ खोली-रात्री. आजच्या ४८० वर आणखी १७७ रात्री भराव्या लागतील, तेव्हा कुठे खर्च निघेल आणि बाईंच्या पदरात एक रुपयाही पडलेला नसेल. शिवाय पंधरा हजारांत, त्याच तीनशेच्या दराने, महिन्याला पन्नास तास काम येते. सहा पानांच्या वेबसाइटवर पहिला महिना कदाचित भरेल. पाचव्या महिन्यात पन्नास तास काय करणार, याचे उत्तर त्या पत्रकात नव्हते.

हिशेबात आणखी एक बारकावा आहे. बुकिंगच्या मोठ्या वेबसाइटवरून येणारा पाहुणा उद्या थेट फोन करून आला, तर तो नवा पाहुणा नव्हे. वाचते ते फक्त कमिशन. कमिशन पंधरा टक्के धरले, तर दोन हजारांमागे तीनशे रुपये. नव्या पाहुण्याचे बाराशे आणि वळवलेल्या पाहुण्याचे तीनशे यांत चौपट अंतर आहे. विक्रेता दोघांनाही ‘आमच्यामुळे आलेले बुकिंग’ म्हणतो. आपण वहीत वेगळे लिहावे.

शेवटी बाईंनी दोन्ही कागद बाजूला ठेवले. रत्नागिरीत स्वतंत्रपणे काम करणारा एक तरुण शोधला. त्याने साठ तासांचे एकवेळचे काम ठरवले, अठरा हजार रुपयांत. जीएसटी नोंदणी नसल्याने त्यावर कर नव्हता. वसुलीला हव्यात पंधरा खोली-रात्री. त्याने वेबसाइट मोबाइलवर हलकी केली, नकाशावरची नोंद नीट केली आणि बाईंच्या सुनेला एक काम दिले. फोनवर पाहुणे जे जे विचारतात, ते महिनाभर वहीत लिहायचे. खेड स्टेशनवरून रिक्षा मिळते का? हर्णैचा मासळीचा लिलाव केव्हा असतो? वेळासला कासवे कोणत्या दिवसांत दिसतात? शाकाहारी जेवण मिळेल का? आजीला जिना चढावा लागेल का? ही उत्तरे मराठीत आणि इंग्रजीत वेबसाइटवर गेली. पन्नास शब्दांच्या यादीपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडली, कारण लोक खरोखर तेच शोधत असतात. दिवाळीपर्यंत वेबसाइट पाहून येणारे फोन त्या वहीत वेगळे मोजता येऊ लागले. त्या वर्षी कौलेही फेरून झाली.

दिवाळीपर्यंत, असे मी म्हटले ते मुद्दाम. एसईओला वेळ लागतो. सुधारणा केल्यापासून फायदा दिसेपर्यंत साधारण चार महिने ते वर्ष, असे गूगलचेच सांगणे आहे. म्हणून हंगामी व्यवसायाने कॅलेंडर पाहून काम सुरू करावे. हापूसवाल्याने मार्चमध्ये एसईओ सुरू केले, तर परिणाम दिसेपर्यंत आंबा संपलेला असेल. त्याचा मुहूर्त गणपतीच्या आसपासचा. ज्याला याच महिन्यात गिऱ्हाईक हवे, त्याने जाहिरात द्यावी; एसईओकडून घाई करून घेऊ नये.

कुणाला पैसे देण्याआधी काही कामे घरच्या घरी, फुकट होण्यासारखी आहेत. गूगलवरची व्यवसायाची नोंद, जिला बिझनेस प्रोफाइल म्हणतात, ती विनामूल्य आहे. ‘गूगलमधून बोलतोय, नोंदीचे शुल्क भरा’ असा फोन आला, तर तो खाली ठेवावा. सर्च कन्सोल नावाचे साधनही विनामूल्य आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले, हे त्यात मागच्या सोळा महिन्यांपर्यंत दिसते. समाधानी ग्राहकाला अभिप्राय लिहायची विनंती करावी. मात्र त्याबद्दल सूट किंवा भेट देऊ नये, ते नियमात बसत नाही. एवढे करून पुष्कळ लहान व्यवसायांचे भागते.

भागत नसेल, तर माणूस निवडायचा. कसा? चांगला माणूस दर सांगण्याआधी तुम्हाला प्रश्न विचारतो. तुमचा पैसा कशातून येतो, कोणते गिऱ्हाईक हवे, कोणते नको, हंगाम कोणता, गेल्या वर्षी वेबसाइटवर काय काम झाले. डॉक्टर नाडी न पाहता औषध देत नाही, तसेच. हे काहीच न विचारता ज्याच्याकडे सोने, चांदी, हिरा अशा नावांची तीन पॅकेजे तयार असतात, त्याच्याकडे तुमच्या व्यवसायाला खास असे काही नसते.

मग तुम्ही त्याला विचारा. काम प्रत्यक्ष कोण करणार, तुम्ही की तुमच्याकडचा शिकाऊ मुलगा? पहिल्या महिन्यात नेमके काय बदलणार आणि त्याला किती तास? पूर्वी केलेली दोन कामे दाखवा, त्या ग्राहकांचे फोन द्या. आणि ते फोन खरोखर लावा. लिंक्स कुठून मिळवणार? याचे उत्तर ‘ते आमचे गुपित आहे’ असे आले, तर तिथेच उठावे. अहवालात काय देणार? नुसते क्रमांक नकोत. क्रमांक प्रत्येकाच्या फोनवर, प्रत्येक गावात वेगळा दिसू शकतो. ‘पहिला नंबर’ दाखवायची एक जुनी युक्तीही आहे : कुणीच शोधत नाही असा लांबलचक शब्दसमूह घ्यायचा आणि त्यावर पहिले यायचे. शर्यतीत एकटाच धावणारा पहिला येणारच. अहवालात फोन किती आले, चौकश्या किती, त्यातून धंदा किती, हे हवे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मालकीची. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, ते तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर नोंदलेले हवे. बिझनेस प्रोफाइल आणि सर्च कन्सोल यांचे मालक तुम्ही. काम करणाऱ्याला त्यात फक्त प्रवेश द्यायचा आणि काम संपले की काढून घ्यायचा. तशी सोय दोन्हींत आहे. माझ्या ओळखीच्या एका दंतवैद्यांचे डोमेन काम करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या नावावर घेतले होते. पैशावरून वाद झाला आणि वेबसाइट बंद पडली. आठ वर्षे कार्डावर, पाटीवर, औषधाच्या कागदावर छापलेला पत्ता एका दिवसात निरुपयोगी झाला. दुकानाची जागा भाड्याची असेल तर आपल्याला ते माहीत असते. इथे जागा दुसऱ्याची आहे, हेच डॉक्टरांना ठाऊक नव्हते.

म्हणून करार लेखी करावा, एका पानाचा असला तरी चालेल. त्यात कामाची यादी, तास, दर, मालकी कुणाची, आणि महिन्याच्या सूचनेने थांबता येईल ही अट. वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नयेत. तीन महिन्यांनी बसून आढावा घ्यावा. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. म्हणून कागद आधी केलेला बरा. बिल घ्यावे, जीएसटी लावला असेल तर त्याचा क्रमांक पाहावा.

अलीकडे एक नवा मुद्दा आला आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल काही प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर यादीच्या वर दाखवते. त्यामुळे काही वाचक वेबसाइटवर न जाताच समाधान पावतात. लगेच नव्या नावाची नवी पॅकेजे बाजारात आली आहेत. या उत्तरांत येण्यासाठी वेगळी खास तजवीज लागत नाही, नेहमीचीच चांगली कामे करा, असे गूगलचे सांगणे आहे. शिवाय ‘दापोलीला शनिवारी खोली मिळेल का’ याचे उत्तर शेवटी खोलीच्या मालकालाच द्यावे लागते. नाव नवे असले, तरी बिल वाचायची पद्धत तीच ठेवावी.

तेव्हा पुढच्या वेळी असे दरपत्रक हाती आले, की त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहा. या पैशात किती तास येतात? हा खर्च निघायला किती नवी गिऱ्हाइके लागतील? ती येईपर्यंत किती महिने थांबायची माझी तयारी आहे? आणि उद्या हा माणूस गेला, तर माझ्या हातात काय उरेल? चारही ओळींपुढे आकडा किंवा स्पष्ट शब्द लिहिता आला, तर खुशाल सही करा. एखादी ओळ कोरी राहिली, तर ती त्या माणसालाच भरायला सांगा आणि तो काय लिहितो, ते पाहून निर्णय घ्या.